असईनंतरचा मक्ता : फौजेचा पगार, पामर पेढी आणि कायद्यातली सूट

१/ जालना जिल्ह्यातील असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा येथे पराभव केला. ही लढाई आपल्याला पाठ असते. मात्र त्यानंतर याच मुलखात फौजेच्या पगाराचा जो मक्ता दिला गेला, त्याची कथा क्वचितच सांगितली जाते.

२/ जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. औरंगाबादेकडील, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता आणि खजिना रिता. १८१८ मध्ये चंदूलालच्या कारभारात हैदराबादच्या ‘विल्यम पामर आणि कंपनी’ या पेढीशी करार झाला : पेढीने फौजेसाठी दरमहा २ लाख रुपये द्यायचे आणि त्या बदल्यात तिला वार्षिक ३० लाखांचा महसूल तोडून द्यायचा.

३/ हिशेब करून पाहा. वर्षाला २४ लाख द्यायचे आणि ३० लाखांवर हक्क सांगायचा. वरचे ६ लाख अखेर रयतेच्या साऱ्यातूनच यायचे.

४/ मग कायदा नव्हता का? होता. ब्रिटिश संसदेच्या १७९७ च्या कायद्यानुसार, सरकारच्या परवानगीवाचून ब्रिटिश प्रजाजनांना देशी राजांना कर्ज देण्यास मनाई होती. परंतु १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या सरकारने या पेढीला परवानगी दिली. पेढीचा एक भागीदार, सर विल्यम रंबोल्ड, हा हेस्टिंग्जच्या पालित कन्येचा पती होता.

५/ १८२० मध्ये ६० लाखांच्या नव्या कर्जाचा प्रस्ताव आला. कौन्सिलात मते समसमान पडली. हेस्टिंग्जच्या निर्णायक मताने तो मंजूर झाला. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने चौकशी केली. नवे कर्ज बहुतांशी जुन्याच देण्याची फिरवाफिरव निघाले; शिवाय त्यात ८ लाख भागीदारांचा ‘बोनस’ होता.

६/ १८२३ मध्ये परवानगी रद्द झाली. पेढीचे देणे कंपनी सरकारने फेडले; मोबदल्यात उत्तर सरकारांबद्दल निजामाला मिळणारी वार्षिक पेशकश कायमची बंद झाली. कागदपत्रे छापली गेली, पण लंडनमध्ये, कंपनीच्या भागधारकांसाठी. जालन्याच्या रयतेला त्यांचा काय उपयोग?

७/ येथे कायद्याचा अभाव नव्हता. सूट कोणाला, का आणि कोणत्या अटींवर दिली, हे ज्याच्या पैशाचा व्यवहार होता त्याला कळण्याची सोय नव्हती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नेमके हेच नाते उलटवले. कलम ४ अन्वये शासनाने माहिती आपणहून प्रसिद्ध करायची. कलम ८ मधील ‘व्यापारी गोपनीयते’ची सूटही व्यापक जनहितापुढे मागे सरते. म्हणून कोणताही खरेदी-कायदा वाचताना आधी त्यातील अपवाद वाचावेत.