गाव सुटते तेव्हा मोबाईल काय कामाला येतो? पुसेगावहून शहरात आणि आखातात जाणाऱ्या कुटुंबांसाठी माहिती

सेनगाव तालुक्यातले पुसेगाव आणि आसपासची गावे पावसाच्या भरवशावर जगतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण पोरांना रोजगार देईल अशी मोठी कारखानदारी इथे फारशी नाही. त्यामुळे सोयाबीन आणि हळदीने साथ दिली नाही की माणसे पुणे, चाकण, भिवंडी, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबादची वाट धरतात. काहीजण थेट सौदी आणि दुबईला जातात.

नव्या जागी पहिले काही महिने अवघड जातात. काम मिळते, पण रेशन बंद पडते, लेकराची शाळा सुटते, पत्त्याचा पुरावा नसतो. पूर्वी अशा वेळी गाववाल्याची खोली आणि मोहल्ल्यातली मस्जिद हाच आधार होता. तो आजही आहे. त्यात आता इंटरनेटची भर पडली आहे. पण गाव सोडण्याआधी थोडी तयारी केली तरच त्याचा उपयोग होतो.

जुना नंबर बंद करू नका

आधार, बँक, रेशन, डिजिलॉकर, सगळीकडे ओटीपी येतो तो तिथे जोडलेल्या नंबरवर. शहरात गेल्यावर नवे सिम घ्यायचे आणि जुने तसेच सोडून द्यायचे, ही सवय महागात पडते. बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो.  म्हणून निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या आधारला कोणता नंबर आहे ते बघा आणि तो चालू ठेवा. आधारच्या चौकशीसाठी १९४७ हा नंबर आहे.

रेशन: कार्ड गावचे, धान्य शहरात

'एक देश एक रेशन कार्ड' या सोयीची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या चार राज्यांत झाली त्यात महाराष्ट्र होता. जून २०२२ मध्ये आसाम जोडले गेले आणि ही सोय देशभर झाली. पुसेगावचे कार्ड असलेला माणूस भिवंडीच्या किंवा हैदराबादच्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेऊ शकतो. नवे कार्ड काढायची गरज नाही. आई-वडील गावी असतील तर त्यांनी त्यांचा वाटा गावात घ्यावा आणि उरलेला शहरातल्या माणसाने घ्यावा, असेही करता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो, हा हक्क जागा बदलल्याने कमी होत नाही. जवळचे दुकान कुठे आणि आपल्या कार्डावर किती धान्य उचलले गेले, हे 'मेरा राशन' ॲपवर दिसते. दुकानदाराने नाही म्हटले तर १४४४५ वर तक्रार करता येते. ई-केवायसीसाठीही गावी जाण्याची गरज नाही, जिथे राहता तिथल्या दुकानात ती होते.

भाडेकरार: पत्त्याच्या पुराव्याचे मूळ

शहरात आपल्या लोकांना घर मिळणे किती कठीण जाते हे वेगळे सांगायला नको. नाव ऐकून नकार मिळतो, आणि मिळालेली खोलीही अनेकदा तोंडी बोलीवर असते. अशा भाडेकरूकडे पत्त्याचा कुठलाच कागद राहत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनमुळे हे काम दुय्यम निबंधक कार्यालयात न जाता होते. तेव्हा घरमालकाशी बोलताना सुरुवातीलाच नोंदणीचा विषय काढा.

नोंदलेला करार हातात आला की आधारवरचा पत्ता ऑनलाईन बदलता येतो. ज्यांच्या नावावर करार नाही, म्हणजे बायको, मुले, म्हातारे आई-वडील, त्यांचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या आधारे बदलण्याची सोय २०२३ पासून आहे. मतदार यादीत ठिकाण बदलण्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो आणि तोही ऑनलाईन भरता येतो. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. त्यामुळे गावी मत द्यायचे की शहरात, हे घरात बसून ठरवा. चौकशीसाठी १९५० हा नंबर आहे.

मुलांची शाळा आणि जन्मदाखला

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी सरकारी किंवा पालिकेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुलाला त्याच्या वयानुसार वर्गात बसवायचे असते. हे माहीत नसल्याने कितीतरी लेकरांचे वर्ष वाया जाते. उर्दू माध्यमातून शिकणाऱ्या मुलांची आई-वडिलांना जास्त काळजी असते. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात, त्यात उर्दूही आहे. शाळा मिळेपर्यंत अभ्यास तुटू नये यासाठी बालभारतीची पुस्तके, उर्दूसकट, मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात.

शहरात बाळ जन्मले तर नोंद तिथेच, २१ दिवसांच्या आत करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेश, मतदार नोंदणी अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. नावाचे स्पेलिंग आई-वडिलांच्या आधारशी जुळवून घ्या. शेख, शेक, शैख असा घोळ पुढे फार त्रास देतो.

मजुरांची नोंद

बांधकाम, घरकाम, हमाली, फेरीवाले अशा असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे. १६ ते ५९ वयाच्या, पीएफ-ईएसआय नसलेल्या कामगाराला त्यातून १२ अंकी क्रमांक मिळतो. मोबाईलवरून स्वतः केलेल्या नोंदणीला पैसे लागत नाहीत.

आखातात जाणाऱ्यांसाठी

इथे एका चुकीच्या कागदापायी अख्खे कुटुंब कर्जात जाते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आधी बघा. नियमाप्रमाणे एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतो. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर असतो, त्यांना आखाती देशात कामाला जाताना सरकारी मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा लागतो. या विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. व्हिजिट व्हिसावर कामाला गेलेल्याला यातले काहीच मिळत नाही. सौदीत पोहोचल्यावर आपला इकामा 'अबशर'वर आणि कामाचा करार 'किवा'वर स्वतः तपासा. अडचण आली तर 'मदद' पोर्टलवरून भारतीय दूतावासाकडे तक्रार जाते. दुबईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, मेसेज जातो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोन लागला नाही म्हणून अम्मी रात्रभर जागी राहते.

फसवणुकीपासून सावध

नव्या शहरात नोकरी आणि खोली शोधणारा माणूस ठगांना आयता सापडतो. जॉईनिंगआधी पैसे मागणारी नोकरी आणि न पाहिलेल्या खोलीचे टोकन, दोन्ही टाळा. यूपीआयने पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

घरातल्या बायकांच्या हाती फोन

अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो मालकासोबत कामावर जातो. दिवसभर खोलीत असलेल्या बाईलाच मात्र दवाखाना, शाळा आणि रेशन दुकान शोधायचे असते. दुसरा फोन जमत नसेल तर निदान संध्याकाळचा एक तास फोन तिच्याकडे असावा आणि ओटीपी कोणाला सांगायचा नाही हे तिला ठाऊक असावे.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी एक सोपा उपाय आहे. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीत शिकलेली दोन पोरे तासभर बसली, तर नव्याने आलेल्या कितीतरी घरांचे रेशन आणि शाळा मार्गी लागेल. ही खिदमत प्रत्येक मोहल्ल्याने अंगावर घ्यावी, असे आम्हाला वाटते.