डॉसन, क्रिस्टोफर
(१२ ऑक्टोबर १८८९ – २५ मे १९७०). संस्कृतीच्या इतिहासाचा कॅथलिक दृष्टीने विचार करणारा ब्रिटिश इतिहासकार. जन्म वेल्समधील ‘हे’ या गावी. शिक्षण ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात. अँग्लिकन घराण्यातील डॉसनने १९१४ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. १९०९ मध्ये रोमला गेला असता, इतिहासकार गिबनला ज्या परिसरात रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास सुचला तेथेच, डॉसनने संस्कृतीचा इतिहास लिहिण्याचा संकल्प केला.

धर्म हा संस्कृतीचा प्राण असून तो क्षीण झाला की संस्कृतीही खिळखिळी होते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. द मेकिंग ऑफ यूरोप (१९३२) या ग्रंथात त्याने तथाकथित तमोयुग (मध्ययुगाचा आरंभीचा काळ) हाच यूरोपच्या घडणीचा काळ ठरविला. रोमन साम्राज्य, अभिजात विद्या, चर्च आणि रानटी म्हणून हिणवलेल्या टोळ्या यांच्या संयोगातून यूरोप साकारला, असे तो मानतो. बायझंटिन आणि इस्लामी संस्कृतींचाही या ग्रंथात परामर्श आहे. मठांनी शेती, ग्रंथलेखन व शिक्षण टिकवून धरले, यावर त्याचा भर आहे.

१९५८–६२ या काळात तो हार्व्हर्ड विद्यापीठात कॅथलिक अध्ययनाचा प्राध्यापक होता. कवी टी. एस. एलियटच्या संस्कृतिविचारावर त्याचा प्रभाव आढळतो. आर्थिक कारणांना त्याने दुय्यम लेखले आणि मध्ययुगाचे उदात्तीकरण केले, असे आक्षेप घेतले जातात.