ढकलता येते, ओढता येत नाही : अंतराळातील खोक्यांचे कोडे

जिंतूर : चौकोनी घरांचा एक आराखडा, भोवती भिंती, आत काही खोकी आणि ती खोकी ज्या जागी पोहोचवायची त्या जागांच्या खुणा. खेळणाऱ्याच्या हाती एक लहानशी आकृती असते. ही आकृती पुढचे खोके एक घर ढकलू शकते. परंतु ते मागे ओढू शकत नाही आणि एका वेळी दोन खोकी तिला सरकवता येत नाहीत. संगणकावरील खोकी ढकलण्याच्या खेळांचा सारा पसारा या दोन मनाईंवर उभा आहे.

या प्रकाराचा मूळ पुरुष म्हणजे जपानचा 'सोकोबान'. या जपानी शब्दाचा अर्थ गोदामाचा राखणदार असा होतो. हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ मध्ये तो रचला आणि त्यांच्याच 'थिंकिंग रॅबिट' या संस्थेने १९८२ च्या डिसेंबरात तो बाजारात आणला. त्यात शत्रू नाही, घड्याळ नाही, नेमबाजी नाही. खेळणारा हरतो तो केवळ स्वतःच्या चालीने.

मोंढ्यातील गोदामे पाहिलेल्या वाचकाला यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. सोयाबीन, तूर वा कापसाचा माल भरताना जो आधी बाहेर काढायचा तो आत खोलवर जाऊ द्यायचा नसतो, आणि थप्पी लावताना माणसाला वळण्यापुरती वाट राखावी लागते. सोकोबानमध्ये नेमके हेच घडते. दारातल्या खुणेवर पहिले खोके बसवले की आतल्या खुणा कायमच्या बंद होतात. फरक एवढाच की हमालाला चुकीचे पोते पुन्हा उचलता येते. पडद्यावरील राखणदाराला ती मुभा नाही.

म्हणून या खेळात गतिरोधाला फार महत्त्व आहे. कोपऱ्यात गेलेले खोके पुन्हा हलत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. भिंतीला चिकटलेले खोके भिंतीलगतच सरकत राहते. त्या भिंतीवर खूण नसेल तर ते मोकळे दिसत असूनही निकामी झालेले असते. दोन खोकी भिंतीलगत शेजारी-शेजारी आली तर दोन्ही एकदम अडतात. चूक झाल्याचे त्या क्षणी जाणवत नाही, खेळ पुढे चालूच राहतो, आणि चाळीस-पन्नास चालींनंतर ध्यानात येते की डाव केव्हाच संपला होता. या खेळाची गोडी आणि त्याचा त्रास, दोन्ही येथेच आहेत. मुरलेले खेळाडू म्हणूनच शेवटापासून विचार करतात : सर्व खोकी जागेवर आहेत असे मानून ती मनातल्या मनात उलटी ओढत आणायची.

गोदाम ते ग्रहमाला

गोदामाच्या जागी अंतराळ आले ते कथेच्या सोयीने. खोके ओढता का येत नाही, हा लहान मुलाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोदामात उत्तर नाही. नायक यंत्रमानव असला, त्याला हात नसले आणि तो परग्रहावर अडकला असला, की तोच नियम स्वाभाविक वाटू लागतो. विज्ञानकथेचा असा अस्सल वापर पोलंडच्या 'रॉबो' या खेळात दिसतो. यानुश पेल्त्स यांनी तो अटारीच्या आठ-बिटी घरगुती संगणकासाठी लिहिला आणि 'एल. के. अवलॉन' या संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. पोलंडमधील साम्यवादी राजवट मावळली ते हेच वर्ष.

रॉबो हा छोटा यंत्रमानव ५६ ग्रहांवरून प्रवास करतो. प्रत्येक ग्रहावर विखुरलेले स्क्रू गोळा केले की त्याचे यान चालू होते आणि तो पुढच्या ग्रहाकडे निघतो. वाटेत साधी खोकी आहेत, तशीच चाकांची खोकीही आहेत. ती एकदा ढकलली की अडथळा येईपर्यंत घरंगळत जातात. कुलपे आहेत, किल्ल्या आहेत, सरळ रेषेत आलेल्या रॉबोला खेचून घेणारे चुंबक आहेत. बॉम्बही ढकलून योग्य जागी नेता येतो, मात्र तो फोडायला गोळी लागते आणि गोळ्या मोजक्याच मिळतात. सोकोबानची संथ शांतता येथे उरत नाही, हे मान्य करावे लागेल. पण घाईने उडवलेली एक गोळी दहा घरे पुढे महागात पडते, तेव्हा मूळ तत्त्व तेच असल्याची खात्री पटते. या खेळाची 'ग्नू रॉबो' ही मुक्त आवृत्तीही उपलब्ध आहे.

त्याच १९८९ मध्ये अमेरिकेत चक सॉमरव्हिल यांचा 'चिप्स चॅलेंज' आला. त्यात पाण्यात ढकललेल्या ठोकळ्यातून वाट तयार होते. पुढे तो विंडोजवरील खेळांच्या संचातून जगभर पसरला. 'पोर्टल' (२००७) या प्रसिद्ध खेळात प्रयोगशाळेतील घनाकृती खोके कळीवर ठेवायचे असते. तथापि तेथे खोके उचलता येते, त्यामुळे त्याला या घराण्यातील दूरचा नातलगच म्हणावे लागेल.

संगणकाचीही दमछाक

नियम चार ओळींत मावणारे असले तरी कोडे सोपे नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले, की मर्यादित स्मृती वापरून सुटू शकणाऱ्या प्रश्नांमध्ये जो सर्वांत अवघड गट आहे, त्यातच सोकोबान मोडतो. त्याच विद्यापीठातील आंद्रेआस युंगहान्स आणि जोनाथन शेफर यांनी तो सोडवणारी 'रोलिंग स्टोन' ही संगणकप्रणाली तयार केली. परंतु कसोटीसाठी वापरल्या जाणाऱ्या ९० कोड्यांचा प्रसिद्ध संच तिला पूर्ण सोडवता आला नाही. या संचातील पहिले कोडे अवघ्या ६ खोक्यांचे आहे, आणि तेही किमान ९७ वेळा ढकलल्याशिवाय सुटत नाही. सर्वच्या सर्व ९० कोडी संगणकाने सोडवल्याची नोंद थेट २०२० मध्ये झाली. यारोन शोहाम आणि शेफर यांच्या पद्धतीने ते साधले. तत्पूर्वी २०१७ मध्ये 'डीपमाइंड'च्या संशोधकांनी, यंत्राला पुढच्या चालींची कल्पना करायला शिकवताना, सोकोबानचाच आधार घेतला होता. जी चाल परत घेता येत नाही ती करण्यापूर्वी विचार करणे यंत्रालाही शिकवावे लागते.

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी या खेळाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्यातालुक्यांत पोहोचला. पण पडद्यावरची भाषा बहुधा इंग्रजीच राहिली आणि मराठी माध्यमातील मूल कळफलकापुढे बिचकत बसले. खोकी ढकलण्याच्या खेळात वाचण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. चार बाणांच्या कळा पुरतात, जुना संगणक चालतो, इंटरनेटची जोडणीही लागत नाही. इंग्रजीत तरबेज असलेल्या शहरी मुलाला येथे एका चालीचाही फायदा मिळत नाही.

अलीकडे भ्रमणध्वनीवर याच्या असंख्य नकला मिळतात. त्यांतील अनेकांत दर दोन कोड्यांनंतर जाहिरात येते आणि उत्तराची सूचना पैसे मोजून घ्यावी लागते. पाल्यासाठी खेळ निवडताना तो जोडणी बंद असताना चालतो का आणि मागची चाल परत घेण्याची सोय त्यात विनामूल्य आहे का, हे आधी पाहावे. ती सोय नवशिक्याला हवीच. सराव झाल्यावर मात्र ती न वापरता खेळून पाहण्यासारखा आनंद नाही.

आणि संगणक नसेल तरी अडत नाही. सोकोबानची कोडी जगभर साध्या अक्षरचिन्हांतच लिहिली जातात : खोक्यासाठी डॉलरचे चिन्ह, खुणेच्या जागी टिंब, भिंतीसाठी उभ्या-आडव्या रेघांची जाळी. गणिताच्या चौकटीच्या वहीवर भिंती आखाव्यात, खोक्यांऐवजी चिंचोके ठेवावेत. सात घरे लांब, सहा घरे रुंद खोली आणि तीन चिंचोके एवढ्यावर एक दुपार सहज निघते, विशेषतः कोडे सोडवण्याऐवजी दुसऱ्यासाठी रचायचे असेल तर. रचताना सर्व चिंचोके खुणांवर ठेवून सुरुवात करावी आणि एकेक उलटे ओढत मांडणी विस्कटावी. तसे केले की ते कोडे सुटणारे आहे, याची खात्री आधीच मिळालेली असते.