सिंहलद्वीपाचें अनोळखी रत्न



रत्नाची पारख रत्नपारख्यानेंच करावी, असें आपण मानतों. पण पारखीही जेथें दीर्घकाळ फसले, अशा एका खड्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

सिंहलद्वीपांत रत्नपूर नांवाचें गांव आहे. तेथील नद्यांच्या जुन्या गाळांत माणिक, नीळ, पुष्कराज यांच्याबरोबर मधाच्या रंगाचे पिंगट खडेही निघतात. पूर्वी बाजारांत त्यांस ‘पिंगट पेरिडॉट’ म्हणत, आणि संग्रहालयांतही तीच चिठ्ठी त्यांस लावलेली असे. हिरव्या पेरिडॉटाहून हा खडा जड भरे. पण आंत लोखंड अधिक असेल, एवढ्यावर समाधान होई.

जडपणा मोजण्याची रीत सोपी आहे. खडा आधीं हवेंत तोलावा, मग पाण्यांत बुडवून तोलावा. हवेंत ३४८ भार भरणारा हा खडा पाण्यांत २४८ भरतो. म्हणजे तो पाण्याच्या ३.४८ पट जड झाला. हिरवा पेरिडॉट सुमारें ३.३४ पट असतो. फरक लहान खरा, पण कोडें त्यांतच होतें.

क्ष-किरणांनीं खडा तपासला, तेव्हां तो पेरिडॉटाशीं तंतोतंत जुळेना. पृथक्करणांत सिलिकॉनच्या जागीं निघालें बोरॉन, सोनाराच्या टांकणखारांत असतें तेंच! त्याच्या जोडीला मॅग्नेशियम व अॅल्युमिनियम. १९५२ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जी. एफ्. क्लॅरिंगबुल व एम्. एच्. हे या शास्त्रज्ञांनीं हें स्वतंत्र खनिज असल्याचें प्रसिद्ध केलें, आणि लंकेच्या संस्कृत नांवावरून त्यास ‘सिंहलाइट’ म्हटलें.

मग त्याचें मोल वाढलें काय? संग्राहकाच्या दृष्टीनें वाढलें. पण सराफाच्या दुकानीं गिऱ्हाईक ओळखीचें नांव मागतें, आणि पिंगट रंगास मागणी थोडी. म्हणून दुर्मिळ असूनही हा खडा उत्तम माणकाच्या भावास पोंचत नाहीं. दुर्मिळपणा निराळा, मागणी निराळी. किंमत दोहोंनीं ठरते. त्यांत रंग, स्वच्छता, वजन, पैलू आणि ओळखीचा खात्रीचा दाखला यांची भर.

पूर्वी ज्यांनीं तो पेरिडॉट म्हणून विकला, त्यांस लबाड म्हणतां येणार नाहीं. तें अज्ञान होतें. आज साधनें असतां, जाणूनबुजून जुन्या नांवानें विकणें ही मात्र लबाडीच. मीं आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. चूक होणें हा मला कधीं गुन्हा वाटला नाहीं. कळल्यावरही ती न खोडणें हा वाटला. जुनी चिठ्ठी काढून नवी लावण्याची ती तयारी मला त्या खड्याहूनही मोलाची वाटते.