त्रिरश्मी डोंगर आणि उजाड पडलेले गाव

आपण मुलाबाळांना घेऊन ज्या लेण्यांवर जातो, त्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. डोंगराचे खरे नाव त्रिरश्मी. ते तिथल्याच शिलालेखांत कोरलेले आहे.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी हा मुलूख म्हणजे सरहद्दच होती. सोपारा बंदराचा माल सह्याद्रीचे घाट चढून वर येई. या वाटांसाठी क्षत्रप नहपान आणि सातवाहन झुंजले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवले.

नहपानाचा जावई उषवदात याने क्र. १० चे लेणे संघाला दिले. वर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. वर्षाचे झाले २४०. त्यातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशोब कसा चोख!

राज्य बदलले तरी दान थांबले नाही. गौतमीपुत्राने भिक्खूंना कखडी गावचे शेत दिले. पण क्र. ३ च्या लेण्यातला पुढचा लेख सांगतो, की ते शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही. म्हणून राजाने आणि राजमातेने नगराच्या सीमेवरची १०० निवर्तने जमीन बदली दिली.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर तर राजाचे नावच नाही. ते दान धंबिक गावाचे. साध्या गावकऱ्यांचे!

विहार असाच लोकांच्या दानातून उभा राहतो. पुढच्या वेळी डोंगर चढाल, तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा.