बंब, गीझर आणि एक थेंब

परवा शनिवारी सकाळी बाथरूममधून टप् टप् आवाज. गीझरच्या खालून पाणी गळत होतं. आधी एमसीबी पाडला (पाणी आणि दोन किलोवॅट यांची भेट नको!), मग कॉक बंद केला आणि प्लंबरला फोन लावला. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हा व्हॉल्व्ह टपकतोय. बूच मारून टाकतो, दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, थांबा. त्या बोटभर व्हॉल्व्हमागे जवळजवळ साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

आपल्याकडे गीझरच्या आधी तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, कोळसे पेटवायचे. भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. वरचं झाकण नुसतं ठेवलेलं. पाणी उकळलं तर वाफ निघून जायची, त्यामुळे दाब वगैरे भानगड नाही.

लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि नाव दिलं गीझर. आइसलंडमध्ये गेसिर नावाचा उसळता गरम झरा आहे, त्यावरून. पण त्यात जळलेला गॅस बाहेर सोडायला धुराडंच नव्हतं. बंद बाथरूममध्ये काय धोका, ते तुम्हीच ओळखा. पुढे १८८९ मध्ये पिट्सबर्गला एडविन रुड या नॉर्वेजियन इंजिनिअरने टाकीत पाणी साठवून आपोआप तापवणारा हीटर बनवला. आपला भिंतीवरचा गीझर याच घराण्यातला.

टाकी बंद झाली आणि दाबाचा प्रश्न आला. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर नेलं की ते साधारण अर्धा लिटर फुगतं. पाणी दाबून लहान करता येत नाही आणि उलट जायची वाट नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने बंद केलेली. मग जादा पाण्याने जायचं कुठे? तर याच व्हॉल्व्हमधून बाहेर. म्हणजे फक्त पाणी तापताना पडणारे थेंब हा बग नाही, फीचर आहे :-)

आता समजा थर्मोस्टॅट अडकला आणि कटआउटही चालला नाही. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. व्हॉल्व्हला बूच असेल आणि टाकी फाटली, तर त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडं शिजवायचं बंद भांडं मांडलं. ते फुटू नये म्हणून त्याने दाब वाढला की उचलला जाणारा व्हॉल्व्ह बसवला. कुकरची शिट्टी आणि गीझरचा व्हॉल्व्ह, दोघांचा मूळपुरुष हाच.

आमचा व्हॉल्व्ह मात्र पाणी थंड असतानाही गळत होता. तोंडाशी टँकरच्या जड पाण्याचे क्षार साठलेले, त्यामुळे तो नीट मिटतच नव्हता. बूच न मारता नवीन बसवला.

व्हॉल्व्ह आणि सांधे कोरडे असताना पत्र्यातून गंजाळ पाणी येत असेल, तर समजायचं टाकीच गेली. ती वेल्डिंग करून वाचत नाही, कारण आतला मुलामा जळतो. तिला आधीच वाचवायची युक्ती हम्फ्री डेव्ही यांची. जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे समुद्रात झिजत. डेव्हींनी १८२४ मध्ये दाखवलं, की पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर तो झिजतो आणि तांबं टिकतं. गंमत म्हणजे युक्ती इतकी यशस्वी झाली, की तांबं पाण्यात उतरेना आणि जहाजांच्या तळाला शिंपले चिकटायला लागले! कारण त्यांना दूर ठेवत होतं ते विरघळणारं तांबंच.

गीझरच्या टाकीत शिंपल्यांची भीती नाही. तिथे स्टीलऐवजी झिजायला मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो संपला की झिजायची पाळी टाकीची. म्हणून सर्व्हिसिंगला माणूस आला की गीझर पुसून घेण्यावर समाधान मानू नका. रॉड बाहेर काढून दाखवायला सांगा. झिजलेला दिसला तर समजा तो आपलं काम चोख करत होता. बदलून टाका.