फलटण परिसरातील गार चहाची पूर्वपीठिका

घरी उत्तम गार चहा करावयाचा, तर चार गोष्टी हाताशी असाव्या लागतात: तुरटपणा फार न उतरता रंग आणि सुवास देणारी पत्ती, गोडीसाठी साखर, आंबटपणासाठी लिंबू आणि पेय खरोखर थंड करणारा बर्फ. फलटण परिसरात या चार गोष्टी एकाच काळात आणि एकाच वाटेने आल्या नाहीत. लिंबू आणि माठातले गार पाणी पूर्वापार होते, चहा दख्खनमध्ये एकोणिसाव्या शतकात धर्मवादाची झळ सोसत रुजला, मुबलक पांढरी साखर नीरा कालव्याच्या पाण्याबरोबर आली, आणि बर्फ सर्वांत शेवटी. हा क्रम नीट पाहिला, म्हणजे येथील चहा उकळता आणि दुधाचाच का राहिला याचा उलगडा होतो, आणि गार चहा ही केवळ अलीकडची परदेशी नक्कल आहे हा समजही तपासून पाहावा लागतो.

फलटण हे नाईक निंबाळकर घराण्याच्या संस्थानाचे एकेकाळचे राजधानीचे गाव असून ते बाणगंगेच्या काठी, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात वसले आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील या पर्जन्यछायेत पाऊस थोडा आणि उन्हाळा कडक असतो. चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांपर्यंत जातो. या उन्हाला मिळालेले जुने उत्तर म्हणजे माठ आणि रांजण. कच्च्या भाजणीच्या मातीतून झिरपणारे पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर वाफ होऊन उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितके हे काम वेगाने होते. म्हणूनच कोकणच्या दमट किनाऱ्यावर माठातले पाणी जेमतेम गार होते, तर फलटणच्या कोरड्या वैशाखात ते घशाला सुखावण्याइतके थंड होते. वाळ्याची जुडी टाकलेले हे पाणी, कैरीचे पन्हे, ताक आणि लिंबाचे सरबत एवढ्यावर घरोघरचा उन्हाळा निघत असे. उन्हात आंबट-गोड आणि गार काही प्यावे, ही आवड येथे कोणाला नव्याने शिकवावी लागली नाही.

पश्चिम भारतात चहा त्या मानाने लवकर पोहोचला होता, मात्र तो किनाऱ्यावरच थांबला. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ साली सुरतेस आला असता तेथील बैठकांमध्ये चहा नेहमी घेतला जात असल्याचे त्याने नोंदवले आहे. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १६८९ मध्ये, सुरतेस आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन अधिक तपशील देतो: लोक चहा खडीसाखर घालून पितात, अधिक चोखंदळ मंडळी मुरवलेली लहान लिंबे घालतात, आणि त्यात काही उष्ण मसालाही उकळतात. हा तपशील फार मोलाचा आहे, कारण त्यावरून असे दिसते की दूध घातलेला चहा देशभर पसरण्याच्या कितीतरी आधी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात लिंबू आणि साखर घातलेला कोरा चहा रुळलेला होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये ज्या सुरतेवर स्वारी केली, तीच ही सुरत. महाराजांच्या पत्नी सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या, म्हणजे राजकारणाचे आणि नात्यागोत्याचे धागे घाटमाथ्यापासून किनाऱ्यापर्यंत पोहोचलेले होते. चहा मात्र त्या धाग्यांवरून घाटावर चढला नाही. तो तेव्हा चीनहून येणारा महाग माल होता आणि त्याची गिऱ्हाइके व्यापारी पेढ्यांच्या आसपासच होती.

दख्खनमध्ये चहा पसरू लागला तो इंग्रजी अमलात, आणि प्रथम तो चवीपेक्षा आचाराचा प्रश्न म्हणून गाजला. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली; उपस्थितांमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि गोखले होते. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य, म्हणजे जातीने चालवलेली बहिष्काराची कारवाई, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. पेला ओठाला लावला की नुसता हातात घेतला, यावर गंभीर वाद व्हावा, इतके हे पेय तेव्हा परके होते. आणि हे पुण्यात घडत असताना आसपासच्या लहान संस्थानी गावांतील कर्मठ घरांत चहाची किटली सहज चुलीवर चढली असेल असे मानता येत नाही.

या संकोचावर मात केली ती दोन गोष्टींनी, रेल्वेने आणि चहा-उत्पादकांच्या प्रचाराने. १९०३ साली भारतातून निर्यात होणाऱ्या चहावर एक लहानसा उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून चहाची जाहिरात देशी व विदेशी बाजारात सुरू झाली. नेमक्या याच प्रचाराच्या काळात गार चहाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध कथा घडली. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचे प्रतिनिधी रिचर्ड ब्लेकिंडन यांनी, उकाड्यामुळे गरम चहाकडे कोणी फिरकेना म्हणून, तो बर्फावरून थंड करून दिला आणि गार चहाचा शोध लागला, अशी ही कथा आहे. ती शब्दशः खरी नाही. मॅरियन कॅबेल टायरी यांच्या १८७९ च्या व्हर्जिनियातील पाककृतींच्या पुस्तकात बर्फ, साखर आणि लिंबू घातलेल्या चहाची कृती आहे आणि लिंबामुळे चहाचा तुरटपणा सुधारतो अशी सूचनाही आहे. परंतु गार चहाला लोकप्रियता मिळवून देण्यात भारतीय चहाच्या एका प्रतिनिधीचे नाव जोडले जावे आणि ज्या देशाचा तो चहा, त्या देशात मात्र त्याच काळात उकळत्या चहाचे शिक्षण दिले जावे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

या शिक्षणाचा परिणाम खोलवर झाला. रेल्वे स्थानकांवर चहा करण्याच्या रीतीचे पत्रे लागले, आणि पुणे-मिरज मार्गावरील लोणंद हे फलटणला जवळचे स्थानक असल्याने बाहेरचा माल आणि बाहेरच्या सवयी याच वाटेने तालुक्यात येत. (फलटणपर्यंतची रेल्वेसेवा प्रत्यक्षात सुरू व्हायला एकविसावे शतक उजाडले.) प्रचारकांना चहा पाण्यात मुरवून, वर थोडे दूध घालून प्यायला शिकवायचा होता, लोकांनी तो दूध, गूळ, आले आणि पत्ती एकत्र उकळून आपल्या पद्धतीचा केला, कारण पत्ती महाग होती आणि उकळल्याने थोड्या पत्तीत अधिक रंग उतरत असे. १९३० च्या दशकात आसामात सीटीसी पद्धत विकसित झाली, म्हणजे पाने रुळांमध्ये चिरडून, फाडून, गोळ्या वळवण्याची पद्धत. तिच्यातून निघालेली दाणेदार, गडद रंगाची पत्ती स्वातंत्र्यानंतर देशभर पसरली आणि दुधाच्या चहाची पकड पक्की झाली. दूध एकदा आले की लिंबू बाद होते, कारण आम्लाने दूध फाटते. येथे गार चहा न रुजण्याचे खरे कारण हवामानात नाही, ते या दुधात आहे.

साखरेचा अध्याय मात्र सर्वस्वी फलटणचाच आहे. १९२८ साली भाटघरचे लॉइड धरण पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी ज्या कोरड्या शिवारात खेळू लागले, तेथे बाजरी-ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. संस्थानचे अधिपती मालोजीराव नाईक निंबाळकर यांच्या कारकिर्दीत, १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने देशी कारखान्यांना आयात साखरेपासून आधार दिल्यानंतरच्या वर्षांत, फलटण शुगर वर्क्सचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवतीची वस्ती साखरवाडी म्हणूनच ओळखली जाते. स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्काराची हाक दिली गेल्याला तेव्हा जेमतेम पाव शतक झाले होते. आता साखर घरापासून काही मैलांवर तयार होत होती. गुऱ्हाळातला गूळ आणि काकवी यांचे स्थान त्यामुळे संपले नाही, पण थंड पाण्यात रंग न बदलता विरघळणारी पांढरी साखर सरबताला आणि पुढे गार चहाला उपयोगी पडणारी होती.

बर्फाची वाट सर्वांत लांबची. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ साली कलकत्त्याकडे रवाना केलेल्या सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फापैकी सुमारे १०० टन बर्फ चार महिन्यांच्या प्रवासानंतर तेथे पोहोचला, आणि १८३४ मध्ये मुंबईतही अमेरिकन बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातले तेव्हा यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी झाली होती. भुश्यात गुंडाळलेला हा बर्फ मुंबईबाहेर फारसा जाणे शक्य नव्हते. यंत्राने बर्फ गोठवणारे कारखाने निघाल्यानंतरच तो घाटावरच्या शहरांत पोहोचला. गावोगावी बर्फ रुळण्याचे श्रेय जाते ते गोणपाटात गुंडाळलेल्या लादीला आणि ती फोडणाऱ्या रसवंतीवाल्याला. उसाचा रस, त्यात आल्याचा तुकडा, लिंबू आणि बर्फ, ही रसवंतीची रचना नीट पाहिली तर गार चहाच्या रचनेहून ती फक्त एका घटकाने वेगळी आहे. ज्या तालुक्यात ऊस, लिंबू आणि बर्फ एका पेल्यात आले, तेथे पत्तीच तेवढी बाहेर राहिली. घरगुती शीतकपाट तर आणखी उशिरा आले. गोदरेजने देशी बनावटीचे शीतकपाट १९५८ मध्ये बाजारात आणले आणि ते सामान्य स्वयंपाकघरात पोहोचायला आणखी काही दशके गेली.

शीतकपाट आल्यामुळे आज हे पेय घरी करता येते, पण जुन्या सवयी त्यात अडथळा आणतात. दुधाच्या चहासाठी वापरली जाणारी दाणेदार पत्ती दहा मिनिटे उकळली, तर तिच्यातले टॅनिनवर्गी पदार्थ आणि कॅफीन थंड होताना एकमेकांना चिकटतात आणि पेला गढूळ होतो. म्हणून अखंड पानांची, पारंपरिक पद्धतीने वळलेली पत्ती घ्यावी. निलगिरीची पत्ती थंड झाल्यावरही नितळ राहते म्हणून तिची गार चहासाठी ख्याती आहे. एक लिटर पेयासाठी बारा ते पंधरा ग्रॅम पत्ती अर्ध्या लिटर उकळी आलेल्या पाण्यात झाकून चार-पाच मिनिटे मुरवावी, उकळू नये. गाळल्यावर गरम असतानाच साखर विरघळवावी, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मग बर्फावर ओतावे, म्हणजे बर्फ वितळून होणारे पातळपण आधीच हिशोबात धरले जाते. दुसरी रीत अधिक सौम्य आहे: आठ-दहा ग्रॅम पत्ती एक लिटर थंड पाण्यात घालून शीतकपाटात सहा ते आठ तास ठेवावी; थंड पाण्यात तुरट द्रव्ये कमी उतरतात, त्यामुळे गढूळपणाही नसतो. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी दोन्ही रीतींत चहाचा रंग मळवते आणि वर साय धरते, म्हणून गाळून मृदू केलेले पाणी घेणे हिताचे. लिंबू शेवटी पिळावे, आणि रंग उजळला तर आम्लाने चहातल्या रंगद्रव्यांवर काम केले असे समजावे.

गोडीच्या बाबतीत फलटणकडे स्वतःची आणखी एक वाट आहे. १९६८ मध्ये बनबिहारी निंबकर यांनी स्थापलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर दीर्घकाळ काम केले. या ज्वारीच्या धांड्यात उसासारखा गोड रस असतो आणि तिला उसापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते. संस्थेने विकसित केलेल्या ‘मधुरा’ या वाणाच्या रसापासून काकवीसारखा पाकही तयार करण्यात आला. पाणी मोजून वापरावे लागणाऱ्या पट्ट्यात हे काम झाले याचे महत्त्व मोठे आहे, आणि त्याची घरगुती पेयांत पुरेशी चाचणी झाली नाही ही खेदाची बाब होय. काकवी असो वा ज्वारीचा पाक, गार चहात तो घालताना आधी थोड्या गरम चहात विरघळवून घ्यावा आणि साखरेपेक्षा थोडा कमी घ्यावा, कारण त्यातील क्षार आणि किंचित खारट चव लिंबाबरोबर अधिक जाणवते.